हुबळीत घेतलेली लेन्स

हुबळीला जाऊन आले म्हटलं की सांगलीत लोक विचारतात, तिथं बघण्यासारखं काय आहे? लहानपणी मीसुद्धा हेच विचारायची, आणि अक्का म्हणायची, "मी आहे की."

विमलअक्का माझी मावसबहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती हुबळीला गेली त्याला आता पस्तीस वर्षं होतील. तिथल्या जुन्या बाजारात दाजींचं बांगड्यांचं दुकान आहे. दाजींचे आजोबा मिरजेकडून तिकडं गेले आणि तिथलेच झाले. त्यामुळं घरात मराठी, दुकानात कानडी, आणि भांडण झालं तर दोन्ही. दुकान नावाला दाजींचं. गिऱ्हाइकांना विचाराल तर ते अक्कांचं दुकान.

संक्रांत होऊन गेल्यावर तिचा फोन आला. खालच्या जबड्यात डाव्या बाजूला गाठ आहे, हे आम्हाला आधीच माहीत होतं. गाठ शरीरभर पसरणाऱ्या जातीची नव्हती, पण हाड आतून पोखरत चालली होती. डॉक्टरांनी आता सोमवारचं ऑपरेशन ठरवलं होतं. जबड्याचा तेवढा भाग काढायचा आणि पायातलं हाड घेऊन त्या जागी बसवायचं. चेहरा बदलेल. किती, ते कुणी सांगायला तयार नव्हतं. बोलणंही काही महिने जड जाईल, असं म्हणाले होते.

हे सगळं तिनं सांगितलं आणि मग म्हणाली, "कॅमेरा घेऊन ये. स्टुडिओत बसवून काढतात तसला फोटो नको. दुकानात मी असते तशी काढ."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. गेली आठ वर्षं हौसेनं फोटो काढते. कृष्णेचा घाट, अंगणातले बुलबुल, मैत्रिणींची नातवंडं. एखादा फोटो बिघडला तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. अक्काचा फोटो बिघडला तर मात्र तो पुन्हा काढता येणार नव्हता.

गुरुवार

मिरजेहून गाडीत बसले. बेळगाव गेलं, बाहेर झाडी दाट व्हायला लागली, आणि लोंढ्याच्या थोडं अलीकडं वरच्या बर्थवरून एका गृहस्थांनी आपली ट्रंक ओढली. ट्रंकेच्या कडीत माझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा अडकला होता. पिशवी खाली आली. ते गृहस्थ बिचारे इतके ओशाळले की हुबळीपर्यंत तीन वेळा त्यांनी मला चहा पाजला.

कॅमेरा शाबूत होता. लेन्सही वरून बरी दिसत होती, पण तिची झूमची कडी फिरेना. ही माझी एकुलती एक लेन्स. रोजच्या वापराची, जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी टिपणारी. ती आता चोवीसच्या आकड्यावर अडकून बसली होती. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चोवीस म्हणजे सगळ्यात रुंद टोक. देवळाचं पटांगण, डोंगर, लग्नाचा मांडव यासाठी उत्तम. माणसाच्या चेहऱ्यासाठी नाही. पण हे "नाही" किती मोठं आहे, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

स्टेशनवर दाजी आले होते. त्यांनी माझी बॅग घेतली, प्रवास कसा झाला ते विचारलं आणि रिक्षा केली. उतरताना म्हणाले, "ऑपरेशनच्या तोंडावर हे फोटो कशाला, मला काही बरं वाटत नाही. आता तिची इच्छा."  मलाही ते बरं वाटत नव्हतं.

अक्का दारातच उभी होती. गाठ दिसत होती, पण तिच्याकडं बघायला लागलं की थोड्या वेळानं दिसेनाशी होत होती, कारण अक्का बोलायला लागली होती. जेवायला ज्वारीची कडक रोटी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई आणि शेंगदाण्याची चटणी. आमच्याकडं भाकरी मऊसूत असली की सुगरण म्हणतात. इथं पापडासारखी मोडली पाहिजे. अक्का उजव्या बाजूनं सावकाश चावत होती. "सोमवारनंतर पेज," ती म्हणाली, "म्हणून तोवर सगळं कडकच करून खायालोय."

लेन्सचं मी तिला सांगितलं नाही. उद्या निभावून नेऊ, असं मनाशी म्हटलं.

शुक्रवार

वर घर आणि खाली दुकान. दुकान म्हणजे एक लांब अरुंद पट्टी. दोन हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या बांगड्यांना लागतील. तोंडाशी गादी, गादीवर अक्का, तिच्यासमोर बाक. आत अंधारात दाजींचं स्टूल. तिथं बसून ते पेट्या उघडतात, डझन बांधतात आणि अक्कानं मागितलेला रंग न बघता काढून देतात. आमच्याकडं आता बायका तयार सेट उचलतात आणि घरी जाऊन घालतात. इथं अजून हात पुढं करतात. अक्का आधी तो हात नुसता धरून बसते. कुठून आलीस, कुणाची, लेक काय करते. बोलता बोलता अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून मऊ करते, आणि बाई उत्तर देण्यात गुंतली की काचेची बांगडी सांध्यावरून सरकलेली असते. तिचं बोलणं हाच तिचा निम्मा धंदा, हे मी त्या सकाळी पहिल्यांदा नीट पाहिलं.

मी फोटो काढत होते. चोवीसवर अक्का चौकटीत भरून दिसायची तर मला तिच्या अगदी दोन वितींवर जावं लागत होतं. बाकावरच्या बायका माझ्यासाठी सरकत होत्या आणि सारखं "बर्री, बर्री" म्हणत जागा करून देत होत्या. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा अक्का म्हणाली, "दाखव बघू."

मी कॅमेऱ्याची मागची पाटी तिच्यापुढं धरली. इतक्या जवळून रुंद लेन्सनं काढलं की कॅमेऱ्याच्या पुढ्यात जे असेल ते फुगतं आणि बाकीचं मागं पळतं. मी बसले होते तिच्या डाव्या हाताला. प्रत्येक फोटोत तिचा डावा जबडा पुढं आला होता, मोठा, चकाकणारा, आणि डोळे कुठंतरी मागं लहान होऊन गेले होते.

अक्कानं तीन-चार फोटो पाहिले. मग हात गालावर नेला आणि तिथंच ठेवला.

"असं दिसालंय काय?" तिनं विचारलं.

मी घाईघाईनं सांगायला लागले की हे लेन्सचं आहे, ती गाडीत पडली, कडी अडकली, इतक्या जवळून कुणाचाही चेहरा असाच येतो. जितकं जास्त सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. मलासुद्धा. ती म्हणाली, "असू दे गं, आहे तेच दिसणार की," आणि डब्यातल्या बांगड्या रंगांप्रमाणे लावायला लागली. त्या आधीच लावलेल्या होत्या. दाजी आतून हे ऐकत होते. ते पेटीला सुतळी बांधत राहिले, आणि तेच मला जास्त लागलं.

सोमवारच्या आधीचे अडीच दिवस उरले होते. मी चप्पल घातली आणि लेन्स कुठं दुरुस्त होते ते विचारत बाहेर पडले.

देशपांडे नगर

एकानं दुसऱ्याकडं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं पाठवलं, आणि मी देशपांडे नगरमधल्या एका दवाखान्याशेजारच्या छोट्या दुकानात पोचले. मालकांचं नाव बसवराज. वय माझ्याएवढंच, पन्नाशीच्या जवळ. त्यांनी लेन्स कानाशी धरून हलवली, जसं नारळ बघतात तसं. आत काहीतरी खुळखुळलं. "सुटा भाग बेंगळूरहून यायला पाहिजे री," ते म्हणाले, "आठ-दहा दिवस."

मी म्हटलं मग दुसरी घ्यायची, आजच. त्यांनी काचेच्या कपाटातून वापरलेल्या दोन काढून ठेवल्या. दोन्ही माझ्या कॅमेऱ्याला बसणाऱ्या, दोन्ही माझ्या ऐपतीच्या काठावर. पहिली चोवीस ते सत्तर. जाडजूड, वजनदार, पण काच मोठी, त्यामुळं अंधारात दुप्पट उजेड घेणारी. दुसरी चोवीस ते एकशे पाच. जरा हलकी, हाताची थरथर सावरून घेणारी, लांबचं जवळ आणणारी, पण उजेडाला कमी. घरी असते तर महिनाभर लोकांचे अभिप्राय वाचत बसले असते. इथं काउंटरवर दोन नळकांडी होती आणि हातात अडीच दिवस.

कुठली घेऊ, असं मी त्यांनाच विचारलं. त्यांनी उत्तर द्यायचं सोडून मला विचारलं, कुणाचे फोटो, कुठं बसून, आणि ज्यांचे काढायचे त्यांना कॅमेरा चालतो का.

मी सांगितलं. सगळंच सांगून टाकलं, जबडा, सोमवार, सकाळचे ते फोटो.  ते ऐकत होते. मग म्हणाले, "बाजारातल्या बांगड्यांच्या अक्का? आमच्या मनेच्या बांगड्या त्याच भरतात." मने म्हणजे घर, आणि त्यांच्या बोलण्यात बायको. त्यांनी दोन्ही लेन्स फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या पिशवीत घातल्या. "इथं उभं राहून कळणार नाही. दुकानात न्या. संध्याकाळी एक ठेवा, एक आणा."

मी ओळखपत्र काढून द्यायला लागले तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

परत येऊन आधी मोठी लावली. अंधारातल्या बांगड्या लख्ख आल्या, हात हलत असूनही स्पष्ट. मला वाटलं, झालं काम. पण सत्तरवरसुद्धा अक्काचा चेहरा नीट यायला मला बाकापर्यंत जावं लागत होतं, आणि ती जाड लेन्स तिच्या दिशेनं वळली की अक्का बोलता बोलता थांबत होती. गालावर हात जात होता. गिऱ्हाइकाला रंग दाखवताना उजवा गाल पुढं करून बसत होती. सकाळी ती असं करत नव्हती. ते मी केलं होतं.

मग दुसरी लावली आणि दुकानातून बाहेर पडले. रस्त्यापलीकडं कापडाचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर जाऊन बसले. एकशे पाचवरून अक्का समोर आली. जवळ आली, पण फुगली नाही. कपाळ कपाळाच्या जागी, डोळे डोळ्यांच्या जागी, गाठ गाठीएवढीच. मध्ये हातगाडी येत होती, स्कूटर येत होत्या, एकदा एक म्हैस येऊन निवांत उभी राहिली. पण पाचेक मिनिटांनी अक्का मला विसरली. हात गालावरून खाली आला, आणि पायरीवर मला ऐकू येणार नाही असं काहीतरी ती समोरच्या बाईला सांगायला लागली, भुवया उंचावून.

फोटो पाहिले तर अर्ध्याहून जास्त काळपट, दाणेदार, आणि बांगडी भरणारे हात धुरासारखे. चेहरा खरा होता आणि उजेड नव्हता. पहिल्या लेन्समध्ये उजेड होता आणि अक्का नव्हती.

संध्याकाळ होत आली तरी माझं ठरेना. दोन्ही लेन्स मांडीवर घेऊन मी पायरीवर बसले होते. चुकीची निवड केली तर आठ दिवसांनी बदलता येईल, पण आठ दिवसांनी हा चेहरा नसेल. शेवटी दाजी रस्ता ओलांडून आले. काय अडलंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, हिनं अक्का तिच्यासारखी दिसते, पण दुकानात अंधार आहे.

"अंधार तेवढाच प्रश्न आहे?"

"तेवढाच."

ते परत गेले. मी उठले आणि जाड लेन्स देशपांडे नगरला पोचवून आले. परत येताना चूक केली असं वाटत होतं. दुसरी परत केली असती तरी असंच वाटलं असतं.

शनिवार

सकाळी खाली आले तर दुकान उघडं होतं आणि दाजी शिडीवर. जुन्या पिवळट ट्यूबा त्यांनी उतरवल्या होत्या आणि गादीच्या बरोबर वर दोन नवे पांढरे दिवे लावत होते. अक्का खालून स्क्रू देत होती आणि मी वीस वर्षं सांगत होते तेव्हा नाही लावले, असं म्हणत होती. दाजी म्हणाले, गिऱ्हाइकाला रंग नीट दिसत नव्हते. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

तो दिवस मला मिळाला. उजेड पुरेसा होता. कापडवाल्यांनी पायरीवर पोतं अंथरून दिलं. दुपारी कलघटगीहून एक लग्नघर आलं, नवरीच्या दोन काकू, आजी, आई, आणि मध्ये लाजून बसलेली नवरी. हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. अक्कानं नवरीचा हात घेतला आणि तिला तिच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल काहीतरी विचारलं. सगळ्या बायका हसल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं अक्का, तोंड पूर्ण उघडून, खालचे सगळे दात दाखवत.  बटण दाबलं की नाही हे पाटी बघेपर्यंत मला कळलं नाही. दाबलं होतं.

एक बांगडी तडकली. फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. आजीबाईंचा चेहरा उतरला. अक्कानं तिथल्या तिथं तुकडे उचलले आणि कानडीत काही म्हणाली. नंतर मी विचारलं तर म्हणाली, "म्हटलं, जी तडकायची ती माझ्या हातात तडकली, तुमच्या घरी येणार नाही." आजीबाईंचं समाधान झालं होतं. पण संध्याकाळपर्यंत अक्कानं तीन वेळा आपल्या उजव्या हाताकडं पाहिलेलं मला दिसलं.

चार वाजता तिनं गिरमिट मागवलं, बरोबर मिरची भजी. गिरमिट म्हणजे आमच्या भडंगाचं ओलं भावंड. चुरमुरे तेच, पण कांदा-टोमॅटोच्या आंबटगोड मसाल्यात कालवलेले, आणि लगेच खायचे, नाहीतर लोळागोळा. भडंग चार दिवस डब्यात राहतं, म्हणून आम्ही सांगलीकर त्याला श्रेष्ठ समजतो. अक्का म्हणाली, तुम्हा लोकांना सगळं उरवायचंच असतं. मिरची तिनं उजव्या दाढांखाली धरून मोडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीचं असेल.

रविवार: धारवाड

संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. अक्काला सकाळी धारवाडला जायचं होतं, कामासाठी नाही, नुसतंच. दाजी दुकानात राहिले, म्हणाले तुम्ही दोघी जाऊन या. दोन्ही गावांच्या मध्ये आता वेगळ्या रस्त्यानं गार बस धावतात. पूर्वी तासभर धक्के खात जायचो, ते अर्ध्यात उरकतं. रायापूर आलं तशी अक्का खिडकीकडं सरकली. इथून धारवाडची हवा सुरू होते, असं ती दर वेळी म्हणते. हुबळी व्यापाऱ्यांची, तापलेली. धारवाड मास्तरांचं, झाडांचं. बंद काचेतून हवा येत नव्हती, तरी तिनं दीर्घ श्वास घेतला.

पेढे घेतले. मग तळ्याकाठी एका गाड्यावरून तिनं उसाचं कांडं घेतलं, सोललेलं नाही, अख्खं. बाकावर बसून ती दातांनी साल काढायला लागली. मी पंधरा पावलं मागं गेले. पाणी, झाडं, आणि दातांनी ऊस सोलणारी माझी अठ्ठावन्न वर्षांची बहीण. मी तिचे बरेच फोटो काढले, जवळजवळ सगळा ऊस संपेपर्यंत.

मग तिनं मला हाक मारली आणि शेजारी बसवलं.

"चेहऱ्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "बघणारा बघतोय, नाही तर नाही. पण बोललेलं कुणाला कळलं नाही तर? बाईचा हात धरून मी काय करू? गप्प बसून बांगडी भरता येत नाही गं. हात आखडतो."

मला तिला सांगायचं होतं की कळेल, सगळं पूर्वीसारखं होईल. डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, अक्का." तिनं मान हलवली आणि उरलेला ऊस माझ्या हातात दिला. परतताना बसमध्ये तिला झोप लागली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला होता. तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाचा फोटो काढायला तिनं मला बोलावलं नव्हतं.

सोमवार

ऑपरेशनला नेण्याआधी बांगड्या काढायला सांगितल्या. नर्स म्हणाली, फोडून टाकते, पटकन होईल. दाजी नको म्हणाले. त्यांनी साबण आणला, अक्काचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि एकेक बांगडी सरकवत काढली. आयुष्यभर त्यांनी पेट्या उघडल्या, बांगड्या भरणं अक्काचं काम. त्यांना वेळ लागला. एकही तडकली नाही. रुमालात बांधून त्यांनी त्या शर्टाच्या खिशात ठेवल्या.

सकाळी आठला नेलं. साडेपाचला डॉक्टर बाहेर आले. मधल्या वेळाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दाजींनी चहा घेतला नाही. मी पिशवीला हात लावला नाही. दुपारी दोन वाजता नर्स बाहेर आली, ती दुसऱ्याच पेशंटबद्दल काही सांगून गेली.

डॉक्टर म्हणाले, ठीक झालं. हाड बसलंय, रक्तपुरवठा नीट आहे, पुढचे चार दिवस बघायचे. ते चार दिवस मी राहिले आणि मग रजा संपली म्हणून परत आले. तोवर अक्काला फक्त डोळ्यांनी बोलता येत होतं.

पुन्हा हुबळी

साडेपाच आठवड्यांनी मी गेले. फोटो छापून नेले होते, निवडून चाळीस. गाडीत ते पाकीट मी मांडीवरून खाली ठेवलं नाही. ते दाखवावेत की दाखवू नयेत, हे मला सांगलीपासून ठरवता येत नव्हतं. चेहरा बदललेल्या माणसापुढं त्याचाच जुना चेहरा कसा ठेवायचा?

अक्का दुकानात होती. गादीवर नाही, आत, दाजींच्या स्टुलावर. दाजी गादीवर बसून एका बाईच्या हाताशी झटत होते आणि ती बाई "साकु, साकु", म्हणजे पुरे, असं म्हणत हात मागं घेत होती. अक्काचा डावा गाल सुजलेला, खाली एक लांब रेघ, तोंड थोडं वाकडं. मी तिच्याकडं बघितलं आणि माझं मलाच कळलं की मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले आहे. तिलाही कळलं. तिनं माझा हात धरला आणि मला डावीकडं आणून उभं केलं.

मग पाकिटाकडं बोट दाखवलं.

तिनं सगळे फोटो पाहिले. नवरीबरोबर हसतानाचा, मिरचीचा, उसाचा. मी तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का ते बघत होते, पण तो चेहरा अजून मला वाचता येत नव्हता. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ती दुकानातल्या प्रत्येक फोटोच्या एकाच जागी बोट ठेवत होती, स्वतःच्या खांद्यामागं, दुकानाच्या आतल्या अंधुक भागात.

मी वाकून पाहिलं. रस्त्यापलीकडून फोटो काढताना माझं सगळं लक्ष अक्काच्या डोळ्यांवर होतं. मागचं मी पाहिलंच नव्हतं. तिथं, पुसट पण ओळखू येतील असे, दाजी होते. हातात पेटी, मांडीवर सुतळी, आणि बघतायत अक्काकडं. दुसऱ्या फोटोत तेच. तिसऱ्यात तेच. नवरी हसत होती, काकू हसत होत्या, आणि मागं दाजी हसण्याकडं नाही, हसणाऱ्या अक्काकडं बघत होते. दुकानातल्या एकूण एक फोटोत ते तसेच होते. पस्तीस वर्षं ती त्यांच्याकडं पाठ करून बसली होती, त्यामुळं तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

तिनं फोटो मांडीवर ठेवले आणि काहीतरी म्हणाली. आवाज जाड होता, शब्द एकमेकांत मिसळलेले. मला कळलं नाही. बाकावरची बाई वळून बघायला लागली, तिलाही कळलं नाही. मी वाकून पुन्हा विचारणार होते.

दाजींना मात्र ते कळलं, ते गादीवरून उठले. त्यांनी अक्काला हात देऊन उठवलं, तिच्याखालचं स्टूल पुढं आणलं आणि गादीच्या अगदी शेजारी लावलं. अक्का गादीवर जाऊन बसली, दाजी स्टुलावर. तिनं त्या बाईचा हात धरला आणि कानडीत सावकाश काही विचारलं. बाईनं गोंधळून दाजींकडं पाहिलं.

"विचारालीय, लेक आता कितवीत आहे," दाजी म्हणाले, तिला कानडीत आणि मला मराठीत.

बाई सांगायला लागली. तिचा हात सैल पडला आणि अक्कानं बांगडी सरकवली.